दोन लाव्ह्यांमधली तळी

धुळे-जळगावचा काळा पाषाण एका दमात ओतला गेलेला नाही. विहीर खणताना पाषाण फुटून मध्येच तांबडा, मऊ थर लागतो आणि त्याखाली पुन्हा पाषाण सुरू होतो. हा तांबडा थर ज्वालामुखीच्या विश्रांतीचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळत होता. धुळे-नंदुरबार पट्ट्यात भिंतींसारखे उभे दिसणारे दगडी कणे म्हणजे त्या भेगांतच गोठलेला लाव्हा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडकाची माती झाली, सखल जागी पाणी साचलं, तळी झाली.

त्या तळ्यांतली झाडं फार चांगली टिकली ती खानदेशाच्या पूर्वेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे. पाण्यातली सिलिका झाडांच्या पेशींत शिरली आणि त्यांची गारगोटी झाली. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेशीभित्तिका स्पष्ट दिसतात.

वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 1943मध्ये छिंदवाडा भागातल्याच सौंसरजवळच्या अझोलाचं वर्णन केलं. आज शेतकरी गुरांना चारतात, त्याच अझोलाचा हा प्राचीन भाऊबंद. अझोला संथ पाण्यावर तरंगतो, म्हणून तिथे वाहती नदी नव्हे, तर साचलेलं पाणी होतं हे कळतं. त्याच सुमारास साहनींनी आणखी एका पाणनेच्याला भूवैज्ञानिक के. पी. रोडे यांच्यावरून ‘रोडेइटिस’ नाव दिलं. नागपूरच्या श्या चितळे आणि एस. ए. पराडकर यांनी 1970च्या दशकात तो पुन्हा तपासला. त्याचा जवळचा जिवंत नातलग रेग्नेलिडियम आज दक्षिण ब्राझील आणि आसपासच्या भागातच उरला आहे.

मोहगावात नायपा ताडाची फळंही सापडली. नायपा आज सुंदरबन, अंदमानच्या खाऱ्या दलदलीत वाढतो, कोकणात नाही. म्हणून समुद्राचं पाणी तेव्हा बरंच आत येत असावं, असा तर्क मांडला गेला.

तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पुढे तो आशियाला भिडला, समुद्र हटला, पावसाचं वेळापत्रक बदललं. अझोलाचा वंश जगभर टिकला, नायपा किनाऱ्यांपुरता उरला, रोडेइटिस इथून नाहीसा झाला. आपली उष्णकटिबंधी वनसृष्टी म्हणजे मूळची, न हललेली संपत्ती नव्हे. कोण राहिलं आणि कोण गेलं, याचा हिशेब या गारगोट्यांत आहे. पाषाणाच्या दोन थरांमध्ये पानांच्या ठशांची किंवा लाकडासारख्या रेषांची गारगोटी दिसली, तर ती फेकून देण्याआधी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावी.