हसणारे पंचांग कोणाला हसत होते?

आपल्या घरात भिंतीवर कॅलेंडर असतेच. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, मुलांची परीक्षा, सारे आपण त्यावर मांडतो. पण त्यात कोणाचा दिवस छापला आणि कोणाचा गाळला, हे आपण सहसा पाहत नाही. म्हणूनच इंग्लंडमधील एका जुन्या विनोदी पंचांगाची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१६४२ साली तेथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. पार्लमेंटच्या बाजूला कारागीर, छोटे दुकानदार पुष्कळ होते. त्यांतले काही केस बारीक कापीत, म्हणून राजाचे लोक त्या साऱ्यांना 'गोल डोक्याचे' म्हणून हिणवीत. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. पण १६६० साली त्याचा मुलगा गादीवर आला आणि वारे फिरले.

त्याच दशकात लंडनमध्ये 'पुअर रॉबिन', म्हणजे 'बिचारा रॉबिन', या नावाचे पंचांग निघू लागले. विल्यम विन्स्टनली हा त्याचा लेखक मानला जातो. हिवाळ्यात थंडी पडेल, असल्या भाकितांनी ते ज्योतिष्यांची टर उडवी. हे आम्हालाही आवडले! गंमत अशी की, भविष्य सांगणारी पंचांगे आणि त्यांची ही थट्टा, दोन्ही लंडनची स्टेशनर्स कंपनीच विकत होती. भोळ्यांचाही पैसा तिचा आणि हसणाऱ्यांचाही तिचाच.

पण याच पंचांगात दिनदर्शिका दोन होत्या. एक नेहमीची आणि दुसरी 'गोल डोक्यांची'. या दुसरीत हरलेल्या पक्षाची माणसे चेष्टेने 'संत' म्हणून बसवली होती. देशाच्या ताज्या इतिहासाची ही थट्टा खरी, पण ती पडलेल्यांची थट्टा होती.

त्या वेळी त्या पडलेल्यांवर काय गुदरत होते? जॉन बन्यन हा बेडफर्डकडचा, भांडी दुरुस्त करणारा माणूस. तरुणपणी तो पार्लमेंटच्या फौजेत होता. सरकारमान्य चर्चबाहेर सभा घेऊन प्रवचन केले, म्हणून १६६० साली त्याला पकडले. प्रवचन सोडीन असे वचन त्याने दिले नाही. घरी बायको, मुले आणि त्यांत एक आंधळी मुलगी असताना त्याने सुमारे १२ वर्षे तुरुंगात काढली.

'पुअर रॉबिन' दीडशेहून अधिक वर्षे चालले. आज ते अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. बन्यनचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे १६७८ सालचे पुस्तक मात्र अजून जगभर वाचले जाते.

विनोद जरूर करावा. आम्हीही घरी मनसोक्त हसतो. फक्त इतिहासाची थट्टा हाती आली की मुलांना एक प्रश्न विचारायला शिकवावे: यात हसू कोणाचे होते आहे, सिंहासनावर बसलेल्याचे की तुरुंगात पडलेल्याचे?