उचंत खाते नसलेली वही

जुन्या पेढीवर एखाद्या संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही, तर मुनीमजी लगेच कोणाला चोर ठरवीत नसत. फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकली जाई आणि कारण सापडेपर्यंत ती तिथेच राही. पुढे केव्हातरी उलगडा होई. नोंद दुबार पडलेली असे, शून्य सुटलेले असे, किंवा जमेची रक्कम नावे पडलेली असे. ‘हे आम्हांला अद्याप कळलेले नाही’ अशी प्रांजळ कबुली देण्याची सोय हिशेबशास्त्राने उचंत खात्यात करून ठेवली आहे. संगणकाच्या हिशेबातून ही सोय काढून घेतली, तर काय होते? ब्रिटनमध्ये शेकडो दुकानदार कुटुंबांनी त्याचे उत्तर भोगले. आपण सारे व्यापारी असल्याने ही हकिगत आपण जाणून घेतली पाहिजे.

ब्रिटनमधील बहुतेक पोस्ट कार्यालये छोटे दुकानदार चालवतात. किराणा किंवा वर्तमानपत्रांच्या दुकानातच पोस्टाचा काउंटर असतो आणि करार करून तो सांभाळणाऱ्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. या व्यवसायात भारतीय वंशाची अनेक कुटुंबे आहेत. १९९९ पासून या सर्व काउंटरांचा हिशेब ‘होरायझन’ नावाच्या संगणकप्रणालीवर आला. ती फुजित्सू कंपनीची होती. त्यानंतर देशभरात विनाकारण तुटी दिसू लागल्या.

या तुटी कशा निर्माण होत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथील शाखेत २०१५ मध्ये ८,००० पौंडांची रोकड आली. पडदा पुढे सरकेना, म्हणून नोंदीचे बटण पुन्हा दाबले गेले आणि प्रणालीने तीच रक्कम चार वेळा जमा धरली. रोकड आली ८,००० पौंड, संगणकात दिसली ३२,००० पौंड. पेटीतून कोणी एक पैसाही उचलला नव्हता. तरीही २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. हॅम्पशायरमधील जो हॅमिल्टन यांनी मदतकेंद्राला फोन करून सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती केली, तेव्हा २,००० पौंडांची तूट त्यांच्या डोळ्यांदेखत ४,००० पौंडांची झाली.

आरंभीच्या वर्षांत असा फरक उचंत खात्यात ठेवता येत असे. २००५ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. मुदतीअखेर दुकानदाराने तूट स्वतःच्या खिशातून भरावी किंवा देणे म्हणून मान्य करावी, त्याखेरीज पुढील मुदतीचा हिशेब उघडत नसे. ‘ही तूट मला मान्य नाही’ असे नोंदवण्याचे बटण पडद्यावर नव्हतेच. हिशेब उघडला नाही तर दुसऱ्या दिवशी काउंटर उघडणार कसा? म्हणून कित्येकांनी साठवलेली पुंजी भरली, घर गहाण टाकले, आप्तांकडून उसने आणले. काहींनी नाइलाजाने ‘हिशेब जुळला’ असे लिहून सही केली आणि ती सहीच पुढे खोट्या हिशेबाचा पुरावा ठरली.

पोस्ट ऑफिस स्वतःच फिर्यादी, स्वतःच तपास करणारे आणि स्वतःच खटला चालवणारे होते. त्याच सुमारास तिथल्या कायद्यातही बदल झाला. पूर्वी संगणकाचा पुरावा मांडणाऱ्याला तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ती अट गेल्यावर संगणक बरोबर आहे असे न्यायालये गृहीत धरू लागली. यंत्राची चूक सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. प्रणालीच्या आतील नोंदी मात्र त्याच्या हाती नव्हत्या. मदतकेंद्राला फोन करणाऱ्या अनेकांना सांगितले जाई की असा त्रास फक्त तुम्हांलाच होतो आहे. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी तब्बल ९१ वेळा फोन केला. अखेर ते दिवाळखोर झाले. सरे परगण्यातील सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गर्भवती होत्या आणि तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. अशा ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले.

वेल्समधील अॅलन बेट्स या सबपोस्टमास्तरांनी कागदी हिशेब जपून ठेवला होता. मूळ नोंदी दाखवल्याखेरीज तूट मान्य करणार नाही, असे त्यांनी बजावले. २००३ मध्ये त्यांचा करार रद्द झाला. त्यांनी आपल्यासारख्या इतरांना शोधून एकत्र आणले. पुढे ५५५ जणांनी मिळून दावा केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते असा निर्णय दिला. फुजित्सूचे कर्मचारी दुकानदाराच्या नकळत दुरून नोंदी बदलू शकत होते, हेही उघड झाले. सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांची शिक्षा एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाली. मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शेकडो जणांना निर्दोष ठरवले. चौकशी समितीच्या २०२५ च्या अहवालानुसार किमान १३ जणांनी या छळापायी जीवन संपवले असावे. त्यांच्यापर्यंत न्याय पोहोचलाच नाही.

ही हकिगत वाचताना आपले मन साहजिकच त्या दुकानदारांच्या बाजूने उभे राहते. परंतु आपल्या दुकानात आपण कोणाच्या जागी असतो? गल्ल्यावर बसणारा मुलगा, गोदामाचा हिशेब ठेवणारा कारकून, वसुलीला जाणारा माणूस, या सर्वांवर आज आपण संगणकाच्या आकड्यावरून ठपका ठेवतो. साठा कमी दिसला की कारकुनाच्या पगारातून रक्कम कापली जाते. त्याच्या दृष्टीने आपणच पोस्ट ऑफिस असतो. वीस वर्षे ओळखीचा असलेला माणूस आणि कालपरवा बसवलेले सॉफ्टवेअर यांत आपण सॉफ्टवेअरवर चटकन विश्वास ठेवतो, कारण ते वाद घालत नाही.

म्हणून प्रत्येक व्यापारी बंधूने चार गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. फरक आढळला की तो आधी उचंत खात्यात न्यावा आणि कारण सापडेपर्यंत कोणाच्याही नावे टाकू नये. ज्याच्यावर संशय आहे, त्याला मूळ नोंदी दाखवाव्यात आणि त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला बाहेरून आपल्या हिशेबात शिरता येते का आणि शिरल्यास त्याची खूण राहते का, हे विचारून घ्यावे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. भागीदारीच्या आणि घरच्या पेढ्यांनीही ती सोय आपणहून सुरू ठेवावी. चौथी गोष्ट, रोजची रोकड हाताने मोजून छोट्या वहीत लिहावी. त्याला पाच मिनिटे लागतात. एखाद्या दिवशी संगणकाचा आकडा आणि माणसाचा शब्द यांत अंतर पडलेच, तर खरे-खोटे करण्यासाठी तीच वही उपयोगी पडेल.