परगावच्या सामन्याला गेले, ते परतलेच नाहीत
हिल्सबरोच्या ९७ जणांची आणि त्यांच्या कुटुंबांच्या लढ्याची कहाणी

इंग्लंडमध्ये फुटबॉल हा कष्टकऱ्यांचा खेळ. आठवडाभर गोदीत, कारखान्यात राबायचे आणि शनिवारी दुपारी आपल्या गावचा संघ पाहायचा, ही तिथल्या कामगारांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घरच्या मैदानावरचा सामना सारेच पाहतात. पण संघ परगावी खेळायला निघाला की त्याच्या मागे जो जातो, तो खरा पाठीराखा! पहाटे उठायचे, खाण्याचे बांधून घ्यायचे, संघाच्या रंगाचा मफलर गळ्यात घालायचा आणि बस नाहीतर आगगाडी पकडायची. परक्या मैदानात पाहुण्यांना एका टोकाची जागा मिळते. तिथून घसा बसेपर्यंत गाणी म्हणायची. बाप मुलाला नेतो, भाऊ भावाला. घरची मंडळी संध्याकाळी वाट पाहत असतात.

लिव्हरपूल हे असेच बंदराचे, गोदी कामगारांचे शहर. १५ एप्रिल १९८९ रोजी तिथले हजारो पाठीराखे शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर गेले. एफ.ए. कपचा उपांत्य सामना होता, समोर नॉटिंगहॅम फॉरेस्टचा संघ. उभ्याने पाहायचे तिकीट सहा पौंड.

त्या दुपारी काय घडले?

लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेनकडील टोक दिले होते. तिथली फिरती फाटके अरुंद आणि थोडी. बाहेर गर्दी तुंबली. तीन वाजता सामना सुरू होणार, त्याच्या काही मिनिटे आधी पोलिसांनी बाहेर जाण्याचे मोठे फाटक उघडायला लावले. लोक आत शिरले आणि समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेले. ते कप्पे आधीच गच्च भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला बोगद्याच्या तोंडाशी कोणी उभे नव्हते. पुढे लोखंडी जाळी, मागून रेटा. माणसे उभ्या उभ्या गुदमरली. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला. पाठीराख्यांनीच जाहिरातींच्या फळ्या उखडल्या आणि त्यांवरून जखमींना उचलून नेले.

त्या दिवशी ९४ जण गेले. पुढे जखमांनी दगावलेले धरून हा आकडा ९७ झाला. शेवटचा मृत्यू २०२१ मधला. सर्वांत लहान मुलगा अवघा दहा वर्षांचा होता.

मेलेल्यांवरच आरोप

दुःखावर डागणी द्यावी तसे पुढे घडले. पाठीराख्यांनीच फाटक तोडले, अशी थाप बंदोबस्ताच्या प्रमुख अधिकाऱ्याने मारली. ‘द सन’ या वृत्तपत्राने चारच दिवसांत पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन पाठीराख्यांनी मृतांचे खिसे कापले, असे छापले. कामगार वस्तीतली माणसे म्हणजे दारुडे, दंगेखोर, हे आधीच ठरलेले! लिव्हरपूलकरांनी त्या वृत्तपत्रावर घातलेला बहिष्कार आजही चालू आहे.

ऑगस्ट १९८९ मध्येच न्यायमूर्ती टेलर यांनी अहवाल दिला, की मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हेच होते. तरी १९९१ मध्ये मृत्यूंच्या चौकशीचा निकाल लागला, ‘अपघाती मृत्यू’. शिवाय सव्वातीननंतरचा पुरावा विचारातच घेतला नाही. तोवर सारे मेलेलेच होते, असे गृहीत धरले गेले.

अ‍ॅन विल्यम्स यांनी हे मानले नाही. त्यांचा पंधरा वर्षांचा केव्हिन तिथे गेला होता. सव्वातीननंतरही तो जिवंत होता, असे सांगणारे साक्षीदार या माउलीने शोधून काढले. अर्ज वारंवार फेटाळले गेले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही २००९ मध्ये मुदत टळल्याचे कारण दिले. त्या थांबल्या नाहीत. इतर कुटुंबेही संघटना करून वर्षानुवर्षे कागद जपत, प्रश्न विचारत राहिली.

अखेर सत्य बाहेर आले

सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने सारी कागदपत्रे खुली केली. पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते. त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर गाळला होता. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबरमध्ये जुना निकाल रद्द झाला. तो दिवस पाहून अ‍ॅन विल्यम्स एप्रिल २०१३ मध्ये कर्करोगाने गेल्या. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने सांगितले, की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि पाठीराख्यांचा काहीही दोष नव्हता. सत्तावीस वर्षांनी डाग पुसला. मात्र बंदोबस्ताचा प्रमुख २०१९ मध्ये खटल्यातून निर्दोष सुटला. सत्य मिळाले, पण एकाही पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही, ही खंत उरलीच.

तो रस्ता मात्र पाठीराख्यांनी सोडला नाही. तिकिटे कामगाराच्या आवाक्याबाहेर जाऊ लागली, तेव्हाही ते एक झाले. २०१६-१७ च्या हंगामापासून प्रीमियर लीगला परगावच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल किंमत तीस पौंड ठरवावी लागली.

वाचकहो, खेळ पाहायला गेलेल्या गरिबाचा जीवही तितकाच मोलाचा आणि त्याची अब्रूही. ती कोणी हिरावली तर परत मिळवायला कधी सत्तावीस वर्षे लागतात. म्हणून आपल्या घरातला प्रत्येक कागद जपून ठेवा आणि लढताना एकट्याने लढू नका.