घरच्या शेडसाठी टायर खोलण्याचं मशीन

टायर खोलण्याच्या मशीनची दोन कामं असतात: रिमला घट्ट बसलेली टायरची कड सोडवणं आणि ती रिमवरून उतरवणं. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात शेडमध्ये मोटरसायकल, पिकअप आणि ट्रॅक्टर एकत्र उभे असतात; म्हणून आधी रिमचं माप पाहावं. कारच्या मशीनवर साधारण 10 ते 20 इंची रिम धरता येते. ट्रॅक्टरचं 28 इंची मागचं चाक त्यावर चढत नाही. ते टॉमीनेच खोलावं.

महिन्याला चार-दोन टायर असतील तर फरशीला बोल्टने आवळलेलं हाताचं मशीन पुरेसं आहे, आणि वीज गेली तरी काम अडत नाही. विजेचं मशीन घ्यायचं तर सिंगल फेजवर चालणारं घ्यावं; सोबत 8 ते 10 बार दाबाचा कॉम्प्रेसर लागतो.

खरं कौशल्य चढवण्यात आहे. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. कडेची एक बाजू हाताने त्या खोलगटात दाबून धरली की समोरची बाजू अलगद रिमवर सरकते. ती धरली नाही, तर कितीही जोर लावा, कड सरकत नाही, उलट तिच्या आतली तार तुटू शकते. कडेला साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा ऑइल कधीच नाही, रबर खराब होतं.

खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी. कड बसवताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नये. ट्रकच्या रिंगवाल्या रिमला घरी हात लावू नये. उडालेली रिंग जीव घेते.