वाढते वजन आणि सरकारी दवाखाना

वाढलेल्या वजनाची तक्रार घेऊन सरकारी दवाखान्याची पायरी चढावी, हा विचार आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांच्याही मनाला शिवत नाही. ताप, सर्पदंश, बाळंतपण यांसाठी ती इमारत आहे आणि वजन ही मात्र ज्याची त्याने, जिभेला लगाम घालून, घरच्या घरी निस्तरावयाची बाब आहे, अशी समजूत समाजात घट्ट रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार आहे. असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 साली सुरू झाला, आणि आज त्याअन्वये तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांसाठी आशा सेविका जी प्रश्नावली भरून घेते, तीत वय, तंबाखू, मद्य, व्यायाम आणि कुटुंबातील रोगांचा इतिहास यांच्या जोडीला कमरेच्या घेराचा स्वतंत्र रकाना आहे. स्त्रीचा घेर 80 सेंटिमीटरांच्या आणि पुरुषाचा 90 सेंटिमीटरांच्या वर गेला की गुण पडू लागतात, आणि एकूण गुण चारांहून अधिक झाल्यास त्या व्यक्तीला तपासणीस अग्रक्रमाने पाठवावे, असा दंडक आहे. हे माप घेण्याचीही रीत आहे: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरावी, पोट आत ओढू नये, आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा, पँटचा नंबर हे माप नव्हे.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. 'मी कुठे लठ्ठ आहे?' असे म्हणून जे निर्धास्त राहतात, त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसत असतानाही आत चरबी साठवून ठेवते, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय मोजणीत लठ्ठपणा 30 या निर्देशांकापासून धरला जात असला, तरी भारतीय तज्ज्ञांनी ती मर्यादा 25 वर आणली, आणि 23 पासूनच सावध होण्यास सांगितले. 160 सेंटिमीटर उंचीच्या आणि 64 किलो वजनाच्या गृहिणीला शेजारीपाजारी कोणी लठ्ठ म्हणणार नाही. या गणिताने मात्र ती नेमकी 25 वर उभी आहे.

खर्चाची धास्तीही अनाठायी आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. महानगरपालिकांची इस्पितळे आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांचा कारभार निराळा असल्याने तेथील आकार आधी विचारून घ्यावा. प्रत्येक केंद्रावर आहारतज्ज्ञ भेटेलच असे नाही, ही उणीव खरी आहे आणि ती भरून निघाली पाहिजे; तथापि रक्तदाब व रक्तशर्करा पाहून पुढच्या रुग्णालयाकडे चिठ्ठी देण्याचे काम खालच्या केंद्रातही होते.

वजन वाढणे म्हणजे केवळ आळस आणि खादाडपणा, हा आरोप तर मला अन्यायाचा वाटतो. थायरॉइडचे मांद्य, स्त्रियांमधील बीजकोशांचा विकार, स्टेरॉइडे, मनोविकारांवरील काही औषधे, अपुरी झोप, यांपैकी कशाचा हात आहे हे वैद्यकीय तपासणीवाचून कळत नाही. आणि संशय आला म्हणून चालू औषध परस्पर बंद करणे हे वजनापेक्षाही मोठे संकट ओढवून घेणे होय. इन्सुलिन घेणाऱ्याने कोणाच्या ऐकीव सल्ल्याने कडक उपास आरंभिले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून जीवावर बेतू शकते.

वजन घटविण्याची नवी इंजेक्शने 2025 पासून आपल्या बाजारात आली असली, तरी ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाची नव्हेत, आणि शस्त्रक्रिया तर मोजक्यांसाठीच आहे. बहुतेकांना त्या दोहोंची गरजही पडत नाही: मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे 80 किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरविले, तरी रक्तदाब आणि साखर यांवर त्याचा इष्ट परिणाम दिसतो.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या वाचकाने आपल्या भागातील आशा सेविकेला गाठून ती प्रश्नावली भरून घ्यावी, दवाखान्यात जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, आणि काय होते असे डॉक्टरांनी विचारले असता गुडघेदुखीचा आडोसा न घेता 'वजन वाढले आहे' असेच स्पष्ट सांगावे.