बिया खा, पण बी ओळखून खा



मोबाईलवर पाहून बऱ्याच घरांत चिया, जवस, भोपळ्याच्या बिया खाणं सुरू झालंय. चांगलंच आहे. बियांत प्रथिनं, तंतू आणि चांगलं तेल असतं. पण बी म्हणजे झाडाने पुढच्या पिढीसाठी बांधलेली शिदोरी. ती कुणी सहज खाऊन पचवू नये, याचीही सोय झाडाने केलेली असते. म्हणूनच आपल्याकडे फणसाच्या आठळ्या उकडून किंवा भाजून खातात, कडवे वाल मोड आणून, सोलून, शिजवून. नव्या बियांनाही हाच नियम लावा.

*१) चिया, सब्जा:* कोरडे कधीच गिळू नका. चिया आपल्या वजनाच्या सुमारे १० पट पाणी शोषून फुगतो. २०१४ मध्ये अमेरिकेत एका ३९ वर्षांच्या माणसाने चमचाभर कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायलं. बी अन्ननलिकेतच फुगलं आणि दुर्बीण घालून नळी मोकळी करावी लागली. म्हणून आधी पाण्यात पूर्ण फुगू द्या, मगच खा.

*२) जवस:* भाजून, कुटून, दिवसाला एखादा चमचा पुरे. अख्खं जवस बहुतेक न पचताच बाहेर पडतं. पूड आठवड्यापुरतीच करा, आपल्या दमट हवेत ती लवकर खवट होते. बुरशी दिसली तर कोणतंही बी टाकून द्या. बुरशीचं विष भाजून जात नाही.

*३) आधी डॉक्टरांना विचारा:* रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, मुतखडा किंवा किडनीचा आजार असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल तर. तीळ किंवा कोणतंही बी खाऊन अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

*४) सगळ्यात महत्त्वाचं:* पेरून उरलेलं बियाणं खाऊ नका, मग ते भुईमुगाचं असो की मक्याचं. त्यावरचा लाल-गुलाबी रंग म्हणजे थायरमसारख्या बुरशीनाशकाची खूण. धुवून, भाजून ते खाण्यालायक होत नाही. कोंबड्यांना, गुरांनाही घालू नका. मूळ पिशवीतच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आज एकच काम करा. घरातले बियांचे डबे उघडा, वास घ्या आणि पेरणीचं बियाणं स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

– आपला कृषी सल्लागार, मुरुड (ता. दापोली)