नाकाची हाडे

चेहऱ्याच्या मध्यभागी पुढे आलेल्या नाकाचा सांगाडा अंशतः अस्थींचा व अंशतः कूर्चांचा (लवचिक, पांढुरक्या ऊतकाचा) बनलेला असतो. भुवयांच्या मधून बोट खाली फिरवीत आणल्यास कठीण भाग कोठे संपतो, हे सहज कळते. या कठीण भागात, म्हणजे बाह्य नाकाच्या सु. वरच्या एकतृतीयांशात, मध्यरेषेवर जुळलेल्या दोन लहान नासास्थी असतात. त्या वर ललाटास्थीस (कपाळाच्या हाडास) व बाजूंस ऊर्ध्वहन्वस्थींस (वरच्या जबड्याच्या हाडांस) सांधलेल्या असतात. शेंडा व नाकपुड्या यांत अस्थी नसल्यामुळे नथीसाठी नाक टोचताना हाडाचा संबंध येत नाही.

नासागुहेच्या आतील अस्थींचे कार्य बाह्य अस्थींहून मोठे आहे. गुहेचे दोन भाग करणारे पटल पुढे कूर्चेचे असते. मागे वरच्या अंगास झर्झरास्थीचे उभे पत्र व खाली सीरास्थी असते. ‘सीर’ म्हणजे नांगर. या हाडाचा आकार फाळासारखा असल्याने हे नाव पडले. झर्झरास्थीच्या चाळणीसारख्या पत्रातील छिद्रांतून गंधतंत्रिकेचे तंतू मेंदूकडे जातात. प्रत्येक बाजूच्या भित्तीवर गुंडाळलेल्या पानासारख्या तीन शुक्तिका असतात. वरच्या दोन झर्झरास्थीचेच भाग असून खालची स्वतंत्र अस्थी असते. अश्रुवाहिनी तिच्याखाली उघडते. म्हणून रडताना नाकही वाहू लागते.

शुक्तिकांमुळे थोड्या जागेत श्लेष्मकलेचे (ओलसर अस्तराचे) क्षेत्र पुष्कळ वाढते व हवा तिला घासून जाते. थंड हवा येथे ऊब घेते. तप्त हवा अस्तरातील पाण्याच्या बाष्पीभवनाने निवते. या दुसऱ्या कार्याची कसोटी वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लागते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात कमाल तापमान ४२° से.च्या आसपास असते व कित्येकदा ४५° से.च्याही वर जाते. ४३° से. तापमानाच्या व १५% सापेक्ष आर्द्रतेच्या एक घ. मी. हवेत सु. ९ ग्रॅ. बाष्प असते, तर फुप्फुसांतील हवेत ते सु. ४४ ग्रॅ. लागते. ही तूट भरून काढण्याचे बहुतेक काम नाक करते. उच्छ्वासाच्या वेळी त्यातील काही पाणी परत मिळते. तोंडाने श्वास घेतल्यास ही सोय उरत नाही.

कोरड्या हवेने अस्तर सुकून त्याला भेगा पडल्या म्हणजे घोळणा फुटतो. रक्त बहुधा पटलाच्या पुढील, कूर्चामय भागातील सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यातून येते. रुग्णास पुढे वाकवून बसवावे व नाकाचा मऊ भाग सु. १० मिनिटे सतत दाबून धरावा. वरचे हाड दाबल्याने रक्तस्राव थांबत नाही. डोके मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. कांदा हुंगवण्याचा प्रघात आढळतो. त्याने अपाय होत नसला, तरी दाबून धरण्यात खंड पडू नये. एवढ्याने रक्त न थांबल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

चेहऱ्याच्या अस्थींपैकी नासास्थी सर्वांत अधिक वेळा मोडतात. सरकलेले तुकडे साधारणतः पहिल्या एकदोन आठवड्यांत जागी बसवता येतात. पुढे ते वाकडेच जुळतात. इजेनंतर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळल्यास चाळणीपत्र फुटल्याची शंका घ्यावी, कारण तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. पटलात रक्त साठून दोन्ही नाकपुड्या बंद झाल्यास ते त्वरित काढून टाकावे लागते. अन्यथा कूर्चा नष्ट होऊन नाक बसते.

नाक कापण्याच्या शिक्षेत मात्र मुख्यतः मऊ भाग जाई व मागे अस्थींचा पाया उरे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठा बैलवाल्यावर पुण्याजवळच्या एका कारागिराने केलेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाले. या रीतीत कपाळाची त्वचा वळवून नाक घडवीत. त्वचेखाली कूर्चेचा आधार नसल्याने श्वासमार्ग मिटू नयेत म्हणून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालून ठेवीत. हीच रीत जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे अवलंबिली.